नोटपॅडात धुतलेला नंबर

डहाणूतल्या माझ्या दुकानाच्या पाटीवर 'टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म' असं लिहिलेलं होतं, पण येणाऱ्या माणसाला यातलं काहीच नको असायचं. त्याला सल्ला हवा असायचा. अर्जात 'विनंती' लिहू की 'नम्र विनंती', शेजाऱ्याच्या भिंतीबद्दल तक्रार आता करू की लग्नसराई झाल्यावर, मुलाचं नाव बदलून पत्रिका सुधारेल का, हे सगळं मला विचारून झाल्यावर मग तो खिशातून कागद काढायचा. मीही सल्ला देत गेले. फुकट द्यायचा होता, त्यामुळे भरपूर दिला. यंदा दुकान भाच्याच्या हवाली केलं तेव्हा लक्षात आलं, की टायपिंग कमी आणि वडीलकीच जास्त केली आपण.

त्यातला एक सल्ला साफ चुकला. नुसता चुकला नाही, तर एका मुलीची नोकरी घेऊन बुडणार होता. अंकाच्या संपादकांनी 'आपल्या व्यवसायातले गमतीदार अनुभव' मागितले आहेत. हा अनुभव गमतीदार आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, तेव्हा ते काम वाचणाऱ्यांवर सोपवते.

माझी ओळख म्हणाल तर कोळीवाड्यातल्या बायका मला 'बाई' म्हणतात, गुजराती व्यापारी 'बेन' म्हणतात, शाळामास्तर 'मॅडम' म्हणतात आणि तलासरीकडून येणारी म्हातारी माणसं रस्त्याच्या पलीकडून 'ओ टायपिंग' अशी हाक मारतात. सगळ्यांत अचूक तीच.

हा धंदा बोटांचा आहे असं लोकांना वाटतं. बोटं कोणाचीही चालतात. धंदा आहे डोळ्यांचा. टाइपरायटरवर होते तेव्हा एक चूक झाली की चार कार्बनसकट कागद बाद व्हायचा, म्हणून डोळे कागदावर खिळलेले असायचे. तरी एकदा तलासरीच्या एका आजोबांच्या जमिनीच्या अर्जात मी गट नंबरातला एक आकडा चुकवला. आजोबा पाड्यावरून बसनं तीनदा आले आणि तीनदा परत गेले. तिसऱ्या वेळी येताना माझ्यासाठी पानात बांधून करवंदं आणली आणि म्हणाले, "मशीन म्हातारी झाली वाटतं." मशीन सहा महिन्यांची होती. मला ती करवंदं काही गोड लागली नाहीत.

कॉम्प्युटर आल्यावर मी त्या आजोबांना स्मरून दोन नियम केले. पहिला: नंबर हातानं टाइप करायचा नाही. मूळ कागद कॉम्प्युटरवर असेल तर तिथूनच नंबर उचलायचा आणि जिथं हवा तिथं चिकटवायचा, म्हणजे माझ्या बोटाचा संबंधच नको. दुसरा: उचललेला मजकूर आधी धुऊन घ्यायचा. दुसऱ्याच्या फाइलीतून काही उचललं की त्याच्याबरोबर लाल रंग, जाड अक्षरं, पिवळ्या पट्ट्या, कुठल्या तरी साहेबाच्या आवडीचा फाँट असं सगळं बिऱ्हाड येतं. म्हणून तो मजकूर आधी नोटपॅडात टाकायचा. नोटपॅडसारखी साधी पाटी कॉम्प्युटरमध्ये दुसरी नाही. तिला रंग कळत नाही, जाड-बारीक कळत नाही. तिथून पुन्हा उचलला की मजकूर कोरा करकरीत. महिन्याभराच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं हे धुणं मी एकाच फाइलीत खाली खाली टाकत जात असे आणि एक तारखेला नवी फाइल करत असे.

शिवाय वर्डमध्ये एक बटण आहे. उलट्या इंग्रजी पीसारखं दिसतं. ते दाबलं की कागदावर एरवी न दिसणारं सगळं दिसू लागतं: दोन शब्दांमधल्या जागेला ठिपका, टॅबला बाण, एंटरला तोच उलटा पी. बोर्डीचे एक निवृत्त सर शाळेचा अहवाल पेनड्राइव्हवर घेऊन आले होते. मथळा मधोमध आणण्यासाठी त्यांनी प्रत्येक ओळीला डावीकडून स्पेसबारनं ढकलत ढकलत आणलेलं होतं. मी ते बटण दाबलं आणि पानभर गोवर उठल्यासारखे ठिपके आले. सर पडद्याकडं बघून गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या मशीनला झालेलं दिसतंय. माझ्या घरी असताना याच्या अंगावर काही नव्हतं." मी त्यांना समजावून सांगितलं, सरांनी मान डोलवली, आणि पुढच्या वर्षीचा अहवाल पुन्हा स्पेसबारनं ढकलत आणला.

सांगायचा मुद्दा, त्या बटणावर माझा फार विश्वास होता. ते दाबल्यावर कागदात काही लपून राहूच शकत नाही असं मी चारचौघांत सांगत असे.

अशा वेळी भानूबाई दुकानात आली.

भानूबाई धाकटी डहाणू गावची. नवरा बोटीवर, ही बाजारात मासे विकायला, आणि दोघांत मिळून एकच मुलगी, मयूरी. मयूरी नर्सिंग शिकली आणि कासाला एका दवाखान्यात लागली. तिचा शाळेपासूनचा प्रत्येक फॉर्म मी भरलेला, त्यामुळे तिच्या शिक्षणात माझाही थोडा वाटा आहे असं मी धरून चालत होते. तिला आखातातल्या एका मोठ्या इस्पितळाचं नेमणुकीचं पत्र मेलवर आलं होतं. पानाच्या उजव्या अर्ध्या भागात अरबी मजकूर, डाव्या अर्ध्या भागात तोच इंग्रजीत. पत्र आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत होकार कळवायचा होता आणि सोबत मेलवरच पासपोर्ट आणि प्रमाणपत्रांच्या प्रती पाठवायच्या होत्या. नाही कळवलं तर जागा दुसऱ्याला. त्यातले पाच दिवस गेलेले होते.

"बाई, बघा जरा," भानूबाई टोपली दाराबाहेर ठेवत म्हणाली, "कागद खरा हाय का खोटा. ही बोलते खरा हाय. हिला काय, सगळंच खरं वाटतं."

"आई, मॅडमना बघू तर दे," मयूरी म्हणाली.

भानूबाईची शंका वावगी नव्हती. आमच्या किनाऱ्यावर परदेशातल्या नोकरीच्या कागदांनी पोळलेली घरं आहेत. बोटीवरच्या नोकरीचं पत्र घेऊन मुंबईच्या विमानतळापर्यंत गेलेली आणि तिथून तशीच परत आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या तक्रारींचे अर्ज मीच टाइप केले होते. त्यामुळे असा कागद समोर आला की माझ्या कपाळाला आपोआप आठी पडायची.

पत्र खरं आहे का ते तपासायची सोय इस्पितळाच्या वेबसाइटवर होती. पत्राचा नंबर टाकायचा, की नोंद समोर येते. नंबर चांगला लांबलचक होता. अक्षरं, आकडे, मधे आडव्या रेघा, तिरप्या रेघा. मी नियमाप्रमाणे तो पत्रातून उचलला, नोटपॅडात धुतला आणि वेबसाइटच्या चौकोनात चिकटवला.

नोंद सापडली नाही.

"माझ्या मोबाइलवर पण असंच आलं," मयूरी म्हणाली. "मी पण कॉपी करूनच टाकला होता."

मी पुन्हा उचलला, पुन्हा धुतला, पुन्हा चिकटवला. पुन्हा तेच. खाली लाल अक्षरांत सूचना आली, की आता एकदाच संधी आहे, नंतर चोवीस तास बंद.

"मॅडम," मयूरी म्हणाली, "या वेळी मी हातानं टाकून बघू? एकेक अक्षर वाचून?"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. मुलीनं मला उत्तर हातात आणून दिलं होतं.

"वेडी आहेस का?" मी म्हटलं. "एवढा लांब नंबर. एक आकडा इकडचा तिकडं झाला तर दोष आपला आणि खापर पत्रावर. मशीननं उचललेलं चुकत नाही."

मग मी तो नंबर वर्डमध्ये नेला आणि तिच्यासमोर ऐटीत ते उलट्या पीचं बटण दाबलं. एक ठिपका नाही, एक बाण नाही. नंबर धुतल्या तांदळासारखा. तिसऱ्यांदा चिकटवला. तिसऱ्यांदा नोंद सापडली नाही आणि वेबसाइटनं दार लावून घेतलं.

मी चष्मा काढला. चष्मा काढून बोललेलं जास्त खरं वाटतं, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं होतं. "मयूरी," मी म्हटलं, "पत्र बोगस आहे. पासपोर्ट पाठवू नकोस."

ती रडली वगैरे नाही. तिनं वाद घातला, पण नर्सांच्या पद्धतीनं, हळू आवाजात. "मॅडम, मुलाखत झाली होती. व्हिडिओवर, जवळजवळ तासभर. त्यांनी मला औषधांचे डोस विचारले. खोटी माणसं डोस कशाला विचारतील?"

"आजकाल खोटी माणसंच जास्त तयारी करून येतात," मी म्हटलं. माझं वाक्य मला इतकं आवडलं, की त्या आठवड्यात मी ते आणखी दोघांना ऐकवलं.

"मी त्यांना मेल करून विचारू का?"

"ज्यांनी खोटं पत्र पाठवलं तेच उत्तर देणार ना? ते काय म्हणतील, आम्ही चोर आहोत?"

मयूरीनं मोबाइल पिशवीत टाकला. भानूबाई उठली, तिनं मला दोन्ही हात जोडले आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला बाहेर घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी भानूबाई एकटी आली. ताज्या बोंबलांची पिशवी माझ्या टेबलावर, थेट एका प्रतिज्ञापत्रावर ठेवून म्हणाली, "घ्या. पोरगी वाचली माझी." मी नको नको म्हणत घेतले. संध्याकाळी तळले. यजमान म्हणाले, अशी गिऱ्हाइकं रोज मिळायला हवीत. ते प्रतिज्ञापत्र मला पुन्हा छापावं लागलं आणि नव्या प्रतीलाही वास येतो अशी त्या वकिलांची तक्रार होती.

मयूरी मात्र आली नाही. बसनं कासाला जाता-येता ती दुकानावरून जात असे आणि लांबूनच हात करत असे. त्या आठवड्यात दोनदा ती दिसली, आणि दोन्ही वेळा समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचत गेली. मला वाईट वाटलं, पण तेही मोठेपणानं. खरं बोलणाऱ्याला एवढं सोसावंच लागतं अशी मी स्वतःची समजूत घातली. आज ते आठवलं की कान गरम होतात.

आठव्या दिवशी सकाळी बेहराम शेठ आले. बोर्डीच्या बाजूला यांची चिकूची वाडी. घराणं इराणी, बोलणं अर्धं गुजराती, उरलेलं मराठी आणि हिंदी ज्याच्या वाट्याला येईल तसं. त्यांच्या आईला शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि त्याच्या आमंत्रणावर तिकडच्या एका नातेवाइकानं पाठवलेल्या फारसीच्या दोन ओळी छापायच्या होत्या. ओळीत मधेच कंसात आईचं नाव आणि जन्मसाल इंग्रजीत होतं.

मी ओळी चिकटवल्या आणि कंस पळाला. उघडणारा कंस एका टोकाला, मिटणारा दुसऱ्या टोकाला, आणि जन्मसाल भलत्याच शब्दापुढं जाऊन बसलं.

"बेन, मम्मा कंसाच्या बाहेर गेली," शेठ म्हणाले.

मी ओढून आणलं. पुन्हा गेलं. अर्धा तास ही पकडापकडी चालली. शेवटी शेठनी मुंबईला राहणाऱ्या त्यांच्या चुलतभावाला फोन लावला. हे गृहस्थ अशा छपाईच्या कामातच होते. स्पीकरवर त्यांचा आवाज आला, "नोटपॅड आहे ना? जुनं? नव्याचं सांगत नाही मी."

"माझ्याकडं सगळं जुनंच आहे," मी म्हटलं.

"मग त्यात पेस्ट करा आणि माउसचं उजवं बटण दाबा. मेन्यूमध्ये युनिकोड कंट्रोल कॅरेक्टर दाखवा, अशा अर्थाची ओळ आहे. तिच्यावर क्लिक करा. काही दिसतंय?"

ही ओळ मी इतकी वर्षं रोज बघत होते. कट, कॉपी, पेस्टच्या खाली कुठंतरी असते. आपल्या कामाची नाही म्हणून तिच्याकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. मी क्लिक केलं. फारसीच्या ओळींमध्ये जागोजागी बारीक उभ्या दांड्या उगवल्या. कोणाच्या डोक्यावर डावीकडं वळलेलं टोक, कोणाच्या उजवीकडं.

चुलतभावानं मग सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. फारसी, अरबी, उर्दू ही लिपी उजवीकडून डावीकडं चालते. इंग्रजी आणि आकडे डावीकडून उजवीकडं. एकाच ओळीत दोघं समोरासमोर आले की चारोटी नाक्यावर होते तशी गर्दी होते, कोणी कुठून वळायचं ते कळत नाही. म्हणून लिहिणारा किंवा त्याचं सॉफ्टवेअर तिथं एक खूण टाकतं: इथून डावीकडं, इथून उजवीकडं, इथं संपलं. ही खूण म्हणजे साध्या वेशातला हवालदार. कागदावर दिसत नाही, छापत नाही, जागाही अडवत नाही. पण कॉम्प्युटरच्या लेखी ते एक अक्षर असतं. आपण मजकूर कॉपी केला की तो हवालदारही सोबत येतो.

"वर्डचं उलट्या पीचं बटण दाबलं की हे दिसत नाही?" मी विचारलं.

"नाही. त्याची सेटिंग वेगळी असते. नुसत्या त्या बटणानं नाही दिसत."

"आणि नोटपॅडात टाकून धुतलं की?"

"धुतलं म्हणजे?"

मी धुणं म्हणजे काय ते सांगितलं. पलीकडं ते हसले. "बेन, रंग जातो. हे नाही जात. हे अक्षरच आहे."

बेहराम शेठ कंस कुठं बसवायचा ते बोटानं दाखवत होते आणि मी ऐकत नव्हते. फारसीच्या ओळी मी महिन्याच्या त्याच फाइलीत टाकल्या होत्या. मी पडदा वर सरकवला. कोणाचा आधार नंबर, कोणाचा वीज मीटर, कोणाचा गट नंबर, सगळे आपापल्या जागी साधे सरळ. त्याच्यावर मयूरीचा नंबर. त्याच्या अलीकडं एक दांडी, पलीकडं एक दांडी, आणि मधल्या तिरप्या रेघेला टेकून आणखी एक.

अरबी पत्रातून मी नंबर उचलला, त्याच्यासोबत हे तिघंही उचलले. वेबसाइटनं या तिघांसकटचा नंबर कधी पाहिलेलाच नव्हता, मग ती तरी काय सांगणार? मयूरीनं मोबाइलवर कॉपी केला तेव्हाही हेच झालं असणार. आणि एक गोष्ट केली असती तर हे काहीच झालं नसतं: तिला हातानं टाकू दिला असता तर.

"बेन, तबियत बराबर छे ने?" शेठनी विचारलं. माझा चेहरा उतरला असावा.

मी पत्र उघडलं, वेबसाइट उघडली आणि कित्येक वर्षांनी एक नंबर हातानं टाइप केला. एक बोट पत्रावर, एक बोट कळीवर. माझा टाइपरायटरचा वेग ऐकून एके काळी लोक दारात थांबत. त्या दिवशी मला तो एक नंबर टाकायला पाच मिनिटं लागली असतील. मग बटण दाबलं.

नोंद सापडली. मयूरीचं पूर्ण नाव, वडलांचं नाव, पद परिचारिका, विभागसुद्धा लिहिलेला, आणि खाली होकाराची शेवटची तारीख. परवाची.

मयूरीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच.

"शेठ," मी म्हटलं, "तुमचा कंस उद्या बसवते. मला आत्ता दुकान बंद करायचंय."

शेठ टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "मम्मा शंभरची झाली, एक दिवस अजून थांबेल."

धाकटी डहाणूच्या रिक्षात बसल्यावर मी मनात भाषण तयार करू लागले. पहिल्या मसुद्यात चूक वेबसाइटची होती. दुसऱ्यात अरबी लिपीची होती. पारनाका मागं पडला तोपर्यंत मी तिसऱ्यावर आले होते, त्यात थोडी माझी आणि बरीचशी युनि-काय-म्हणतात त्या अदृश्य अक्षरांची होती. लोकांचे माफीचे अर्ज मी आयुष्यभर टाइप केले. त्यांना नेहमी सांगायची, की कारणं काढून टाका, साहेब वाचत नाहीत. तोच सल्ला घेतला आणि खाडीपाशी उतरेपर्यंत भाषण चार शब्दांवर आणलं.

भानूबाई घरामागच्या मोकळ्या जागेत होती. बांबूंना दोऱ्या बांधून त्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि ती ते उलटेपालटे करत होती. मला बघून तिचा चेहरा खुलला.

"बाई! तुम्ही आमच्याकडं? बसा ना. चहा टाकते."

"भानूबाई, चूक माझी झाली," मी म्हटलं. "मयूरीचं पत्र खरं आहे."

तिचा हात दोरीवर तसाच राहिला. मी मग सगळं सांगितलं. हवालदार, दांड्या, नोटपॅड. तिला त्यातलं किती कळलं माहीत नाही. मी मोबाइलवर काढलेला नोंदीचा फोटो पुढं केला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मुलीचं नाव कसं दिसतं ते माहीत होतं. त्यावर तिनं बोट ठेवलं.

"किती दिवस हायत?" तिनं विचारलं.

"परवा संध्याकाळपर्यंत. आज कागद पाठवले तर होईल."

"आणि नाय पाठवले तर?"

"जागा दुसऱ्या कोणाला देतील."

तिनं दोरीवरचे दोन-तीन बोंबील उलटले. ते आधीच उलटलेले होते.

"तिला सांगितलंत?"

"फोन लावला. उचलला नाही तिनं."

"झोपलीय. रात्रपाळी करून सकाळीच आली." मग माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "आणखी कोणाला ठाव हाय?"

"नाही. आधी इथंच आले."

आत्ता कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठ दिवस मी समजत होते, की ही बाई मुलीची फसवणूक टळली म्हणून खूश आहे. ती खूश होती मुलगी जाणार नाही म्हणून. ते बोंबील त्याचे होते.

"बाई," ती म्हणाली, "पत्र आल्यापासून मला घास गिळवत नव्हता. पोरीला बोलले नाय कधी. तिला काय बोलणार, जाऊ नको? एवढी शिकवली ती कशाला मग? आणि तुम्ही बोललात खोटं हाय. तुम्ही बोललात म्हणजे खोटंच. आठ दिवस मी कशी झोपले म्हणून सांगू." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुम्हाला ते आणखी दोन दिवस नसतं दिसलं तर काय झालं असतं?"

जन्मभर फुकट सल्ले दिले, आणि जिथं एक द्यायला हवा होता तिथं तोंडातून शब्द फुटला नाही. त्या क्षणी ती म्हणाली असती, की बाई, तुम्ही आलाच नव्हतात असं समजा, तर मी काय केलं असतं? तसंच आत जाऊन मुलीला उठवलं असतं असं मी लोकांना सांगते. पण मला स्वतःला त्याची खात्री नाही.

भानूबाई उठली. बादलीतल्या पाण्यात हात बुडवले, चांगले चोळून धुतले, वास जाईपर्यंत पुन्हा एकदा धुतले आणि लुगड्याला पुसले. मागच्या दाराशी गेली. उंबऱ्यावर एक हात ठेवून क्षणभर थांबली. आत अंधार होता, पंख्याचा आवाज येत होता.

"मयू," तिनं हाक मारली. आवाज बाजारातला होता, खणखणीत. "ऊठ गो. बाई आल्यात. तुझा कागद खरा हाय."